खाउजा शिकवताना

नाशिक जिल्ह्यातल्या महाविद्यालयात मी अर्थशास्त्र शिकवत आले. खाउजाचा (खासगीकरण, उदारीकरण, जागतिकीकरण) धडा आला की फळ्यावर फायदे-तोटे लिहून मोकळं होता येतं. मला त्यापुढे नेलं ते हार्वर्डचे अर्थतज्ज्ञ डॅनी रॉड्रिक यांच्या लेखनाने आणि समोर बसलेल्या पोरांनी.

१. विचारामागचं घर पाहावं. रॉड्रिक १९५७ साली इस्तंबूलमध्ये जन्मले. वडिलांचा बॉलपेनचा धंदा. परदेशी मालाला तुर्कस्तानचे दरवाजे जवळपास बंद होते म्हणून तो चालला, आणि त्याच्याच कमाईवर मुलगा अमेरिकेत शिकायला गेला. देशी उद्योगाला संरक्षण म्हणजे नुसती लूट, असं ते मानत नाहीत, याचं मला नवल वाटत नाही. व्यापाराचे शत्रूही ते नाहीत.

२. चर्चासत्रात जे बोलतो तेच चारचौघांत बोलावं. १९९७ साली, जागतिकीकरण फार पुढे गेलं का, असा प्रश्न विचारणारं रॉड्रिक यांचं पुस्तक आलं. मालक कारखाना उचलून दुसऱ्या देशात नेऊ शकतो, कामगाराला तसं जाता येत नाही. त्यामुळे पगाराच्या बोलणीत कामगार आधीच नमतो, हे त्यात मांडलं होतं. मलपृष्ठासाठी त्यांनी एका नामांकित अर्थतज्ज्ञाकडे अभिप्राय मागितला. त्याने नकार दिला. मुद्दे चुकीचे आहेत असं त्याचं म्हणणं नव्हतं. या पुस्तकाने जागतिकीकरणाच्या विरोधकांच्या हाती दारूगोळा जाईल, ही भीती होती. विद्वानांनी असं गप्प बसायचं आणि पुढे लोकांनी विश्वास ठेवला नाही की लोकांनाच अडाणी ठरवायचं, हे मला मुळीच मान्य नाही.

३. पैशाला मालाचा नियम लावू नये; मालाचा व्यापार खुला केला म्हणून पैशाची ये-जाही तशीच खुली करावी असं नाही. १९९७च्या मे महिन्यात आपल्याकडे तारापोर समितीने रुपया भांडवली व्यवहारांसाठी टप्प्याटप्प्याने खुला करण्याचा आराखडा दिला. पण जुलैत थायलंडचं चलन, बाथ, कोसळलं. आपण सबुरीने घेतलं ते बरंच झालं.

४. आपला इतिहास १९९१पासून सुरू होत नाही. उत्तरपत्रिकांत मात्र तो तिथूनच सुरू होतो. रॉड्रिक आणि अर्थतज्ज्ञ अरविंद सुब्रमणियन यांनी दाखवलं की भारताच्या वाढीचा वेग १९८०च्या सुमारासच बदलला होता, १९९१मध्ये बाजार खुले होण्याआधी.

५. निर्णय कोणाचा आणि झळ कोणाला, हे विचारल्याशिवाय धडा संपवू नये. रॉड्रिक म्हणतात, टोकाचं जागतिकीकरण, देशाची सार्वभौम सत्ता आणि लोकशाही या तिन्ही गोष्टी एकत्र पूर्णपणे मिळत नाहीत. या त्रिकोणाचे फार तर दोन कोपरे निवडता येतात. ग्रीस हे त्याचं ढळढळीत उदाहरण. ५ जुलै २०१५ रोजी तिथल्या सार्वमतात मत देणाऱ्यांपैकी ६१ टक्के लोकांनी कर्जदात्यांच्या अटी नाकारल्या, आणि आठवडाभरात सरकारला तशाच कडक अटी मान्य कराव्या लागल्या. म्हणून देशाला स्वतःचं धोरण ठरवायची मोकळीक हवी, असं रॉड्रिक सांगतात. मलाही ते पटतं.

पण डिसेंबर २०२३ मध्ये कांद्यावर निर्यातबंदी आली, तेव्हा हाच धडा चालू होता. मागच्या बाकावरच्या पोराने विचारलं, "मॅडम, मोकळीक देशाला मिळाली. पण देश म्हणजे शहरातलं गिऱ्हाईकच का? आमचा लाल कांदा आज निघालाय. तो उन्हाळ कांद्यासारखा चाळीत टिकत नाही. भाव पडला तरी विकावाच लागतो."

हा निर्णय परक्या कर्जदात्यांनी लादला नव्हता. आपल्याच निवडून दिलेल्या सरकारने महागाई रोखण्यासाठी घेतला होता. म्हणजे सत्ता दिल्लीत राहिली तरी शेतकऱ्याचं म्हणणं तिथे पोचतंच असं नाही, आणि रॉड्रिक यांच्या त्रिकोणात हा कोपरा मला सापडत नाही. ४ मे २०२४ रोजी बंदी उठली, तीही टनामागे ५५० डॉलर किमान निर्यातमूल्य आणि ४० टक्के शुल्क ठेवून. तोवर बाजारात उन्हाळ कांदा आला होता. त्या पोराचा प्रश्न मी आता दरवर्षी त्रिकोणासोबतच फळ्यावर लिहिते आणि वर्गाला त्यावर भांडू देते.