काचेपलीकडची ओळख

सर्पोद्यान पाहून आलेल्या माणसाला साप ओळखता येतात, असा समज आमच्या नात्यागोत्यात पक्का होता. तो किती महाग पडतो, हे माझ्या मामेभावामुळे कळलं.

कात्रजचं सर्पोद्यान १९८६ साली सुरू झालं, तेव्हा आम्ही शाळेत होतो. सुट्टीत पाहुणे आले की सदाशिव पेठेतल्या वाड्यातून सगळी फौज निघायची. स्वारगेटपर्यंत पायी, पुढे पीएमटी, पिशवीत दशम्या आणि बटाट्याची भाजी. आजी यायची नाही. 'जनावर' बघायला तिकीट काढणाऱ्यांची तिला कीव यायची. आमचं दैवत मात्र नीलिमकुमार खैरे. १९८० साली ७२ विषारी सापांसोबत ७२ तास काचेच्या केबिनमध्ये राहिलेला माणूस! डिवचल्याशिवाय साप चावत नाही, हे त्यांना दाखवून द्यायचं होतं. मामेभावाने त्यातला 'डिवचल्याशिवाय' तेवढा सोडून दिला.

पुढे तो भोरकडे शेती बघू लागला. एका संध्याकाळी कडब्याच्या गंजीपाशी जाड, आखूड, ठिपक्याठिपक्यांचा साप दिसला. ''अजगराचं पिल्लू,'' म्हणत त्याने पोत्याने उचलायला हात घातला. ती घोणस होती. ही गफलत नेहमीची आहे. घोणसीच्या अंगावर साखळीसारख्या गोल ठिपक्यांच्या तीन रांगा असतात आणि ती कुकरच्या शिट्टीसारखी फुत्कारते. अजगराचे चट्टे वेडेवाकडे असतात. पण अंधारात, हातभर अंतरावर, हे कोण तपासणार? बिनविषारी कवड्या आणि जहाल मण्यार यांच्यातही असाच घोळ होतो.

गावकऱ्यांनी पायजम्याच्या नाडीने हात आवळला आणि त्याला विष उतरवणाऱ्याकडे नेलं. हॉस्पिटलात पोचेपर्यंत हात सुजून टम्म झाला होता, हिरड्यांतून रक्त येत होतं. पुढे डायलिसिसही लागलं. वाचला, हे नशीब.

तिथल्या डॉक्टरांनी कोणता साप ते विचारलंसुद्धा नाही. काचेच्या नळीत थोडं रक्त घेऊन वीस मिनिटं ठेवलं. ते गोठलं नाही, म्हणजे रक्तावर विषाचा परिणाम झालाय. आपल्याकडची प्रतिसर्पविषाची लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांवर एकच असते. म्हणून साप मारून पिशवीत घालून नेण्यात अर्थ नाही. त्या खटपटीत दुसरा माणूस चावून घेतो, एवढंच.

दंश झाला तर माणसाला चालवू नका. अंगठ्या, बांगड्या, घड्याळ लगेच काढा. हात-पाय फळीला सैलसर बांधून हलू देऊ नका. आवळून बांधणं, चिरणं, चोखणं नको. १०८ला फोन करा किंवा मिळेल त्या गाडीने लस असलेलं रुग्णालय गाठा. मण्यार बहुधा रात्री चावते, दुखतही नाही, खूणही धड दिसत नाही. सकाळी पोटात कळा आल्या, पापण्या जड झाल्या, तर 'अपचन' म्हणून घरी थांबू नका. जमिनीवर झोपत असाल तर मच्छरदाणी गादीखाली नीट खोचा.

घरात साप निघाला तर लांबून नजर ठेवा आणि वनविभागाला १९२६वर कळवा. पुस्तकातली चित्रं काढून ओळख पटवत बसू नका.

आणि मुलांना कात्रजला जरूर न्या. फक्त बुधवार टाळा, त्या दिवशी बंद असतं.