पेशींचे खाणे पुडीत

प्रश्न : माझी भाची पुण्यात जीवतंत्रज्ञान शिकते. ती सांगते, प्रयोगशाळेत पेशींना पाण्यात पावडर कालवून खायला घालतात. नुसत्या पावडरीवर पेशी जगतात? हे खाणे लाल का? आणि उकळून घेतले तर चालत नाही का?

उत्तर : नुसत्या पावडरीवर सहसा नाही जगत. पावडरीपासून केलेल्या ‘मीडिया’त बहुतेकदा दहा टक्क्यांच्या आसपास गर्भस्थ वासराच्या रक्ताचा सीरम घालतात, कारण पेशींना वाढीची चालना देणारे घटक त्यातून मिळतात. पावडरीत असतात ग्लुकोज, क्षार, अमिनो आम्ले आणि जीवनसत्त्वे. ‘डीएमईएम’ या नेहमीच्या मीडियाच्या एका लिटरला ती जेमतेम १३ ग्रॅम लागते. बाकी पाणीच, ते कारखान्यातून कशाला वाहून आणायचे?

हा शिधा ठरला १९५०च्या दशकात, अमेरिकेत. हॅरी ईगल यांनी उंदराच्या आणि माणसाच्या पेशी घेतल्या आणि मीडियातला एकेक पदार्थ वगळून पाहिला. ज्याच्यावाचून पेशी मरतात, तो आवश्यक. अशी १३ अमिनो आम्ले निघाली. गंमत अशी की त्यातले ग्लुटामाइन आपले शरीर स्वतः बनवते, पण काचेतल्या या पेशींचे त्यावाचून चालेना. शरीरापासून तोडलेली पेशी किती परावलंबी होते, हे मला या सगळ्या कहाणीत सर्वांत मोलाचे वाटते.

पुडीत बहुधा एक गोष्ट मुद्दाम नसते : सोडियम बायकार्बोनेट. ओल लागली की पावडरीतल्या आम्लधर्मी घटकांशी त्याची इनोसारखी फसफस व्हायची. म्हणून ते वेगळे तोलून घालतात, डीएमईएमला लिटरमागे ३.७ ग्रॅम. इन्क्युबेटरमधला कार्बन डायऑक्साइड आणि हे बायकार्बोनेट मिळून मीडियाची आम्लता ताब्यात ठेवतात.

लाल रंगाचा पोषणाशी काही संबंध नाही. तो फिनॉल रेड, म्हणजे निव्वळ सूचक. पेशींनी लॅक्टिक आम्ल सोडले की मीडिया नारिंगी होत जातो, मग पिवळा. तेव्हा तो बदलायची वेळ झालेली असते. बाटली बराच वेळ बाहेर राहून कार्बन डायऑक्साइड उडून गेला, तर उलट जांभळट गुलाबी. एका रात्रीत पिवळा आणि वर गढूळ दिसला, तर जिवाणू शिरले असे समजून बाटली टाकून द्यावी.

उकळायचे मात्र नाही. उष्णतेने ग्लुटामाइन आणि काही जीवनसत्त्वे नासतात. म्हणून मीडिया ०.२ मायक्रॉन छिद्रांच्या पडद्यातून गाळतात. त्यात नेहमीचे जिवाणू अडकतात, पण मायकोप्लाझ्मा हा भिंत नसलेला लवचीक जिवाणू अंग चोरून निसटू शकतो. त्याने मीडिया गढूळही होत नाही, त्यामुळे त्याची तपासणी वेगळी करावी लागते.