माळ्यावर म्हातारं होणारं सामान

मे संपता संपता काजवे बघायला राजमाचीच्या पायथ्याशी, उधेवाडीत, झुंबड उडते. अशाच एका शनिवारी पुण्यातल्या मित्रांचा एक गट कर्जतच्या बाजूने, कोंडिवड्याहून कोंढाणे लेण्यांच्या वाटेने वर निघाला. कॉलेजात असताना सगळ्यांनी सह्याद्री भरपूर पालथा घातलेला, पुढे नोकरी-संसारात खंड पडलेला. सामान जुनंच होतं, पण फारसं वापरलेलं नव्हतं, म्हणून कोणाला काळजी वाटली नाही.

लेणी मागे पडली, चढ लागला आणि एकाच्या उजव्या बुटाचा सोल टाचेकडून उचकटला. बूट वरून नव्यासारखा दिसत होता. मधला थर मात्र बोटाने दाबला की त्याचा भुगा होत होता. उधेवाडी यायच्या आत डावाही गेला.

रात्री वळीव कोसळला. तंबूच्या पोलमधलं इलास्टिक सैल पडल्यामुळे एक जोड पुरता बसला नव्हता. वाऱ्याच्या पहिल्याच झोतात पोल तिथे दुमडला. छताच्या शिवणीवरची पट्टी सुटली होती, तिथून धार थेट स्लीपिंग बॅगवर. हेडलॅम्प उघडला तर आत फुटलेले सेल आणि पांढरा क्षार. गावातल्या एका घराने पडवी दिली म्हणून रात्र निभावली. सकाळी सोल सुतळीने बांधून मंडळी लोणावळ्याच्या गाडीरस्त्याने परतली. आसपास वस्ती नसलेल्या एखाद्या नाळेत हे घडलं असतं, तर प्रकरण इतक्यावर भागलं नसतं.

असे प्रसंग ट्रेकिंग करणाऱ्यांमध्ये वरचेवर ऐकू येतात आणि दोष नेहमी बूट बनवणाऱ्यावर जातो. कारण बहुतेकदा वेगळंच असतं. अनेक ट्रेकिंग बुटांत खालचं रबर आणि वरचा भाग यांच्यामध्ये पॉलियुरेथेनचा मऊ थर असतो. हवेतली ओल या थरातले रासायनिक बंध हळूहळू तोडत जाते. या क्रियेला हायड्रॉलिसिस म्हणतात. बूट पायात असो की खोक्यात, ती चालूच राहते आणि उष्ण, दमट हवेत वेग घेते. मुंबई-कोकणातल्या माळ्यावर दोन्ही गोष्टींना तोटा नाही. त्यात बूट प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून ठेवले की ओल आतच कोंडते. साधारण ५ ते १० वर्षांत हा थर ठिसूळ होऊ शकतो. खालच्या रबराची नक्षी तेव्हाही शाबूत असते, त्यामुळे बघणारा फसतो.

तंबूचंही तेच. कापडावरचा पाणीरोधक लेप बहुधा पॉलियुरेथेनचाच असतो. ओला तंबू तसाच गुंडाळून ठेवला की लेप चिकट होतो, त्याला आंबूस वास येतो, मग पापुद्रे सुटतात. चिकट झालेला लेप पूर्ववत होत नाही. शिवणीवरची पट्टी तेवढी सुटली असेल, तर सीम सीलर लावून भागतं.

तपासणी निघण्याच्या आदल्या रात्री करण्यात अर्थ नाही. दुरुस्तीला वेळ हवा. बुटाचा मधला थर अंगठ्याने दाबावा, बूट दोन्ही हातांनी वाकवावा. भेगा पडल्या, भुगा सुटला, तर त्याला डिंक लावत बसू नये. चिकटवायला खाली घट्ट काही उरलेलंच नसतं. बूट ठीक वाटले तरी सॅक भरून जवळच्या टेकडीवर एकदा फिरून यावं. तंबू गच्चीत उभारून त्यावर बादलीभर पाणी ओतावं. हेडलॅम्प ठेवून देताना सेल त्यात कधीच राहू देऊ नयेत. आणि सॅकमध्ये मजबूत दोरी, चिकटपट्टी, मोडलेल्या पोलवर चढवायची छोटी नळी असावी. वाटेत सोल सुटलाच, तर दोरी पायाच्या कमानीखालून आणि घोट्यापुढून आवळावी.

चढाईच्या सामानात मात्र ही वेळ मारून नेण्याची सोय नाही. ऑक्टोबर २००६ मध्ये अमेरिकेतल्या योसेमिटीत टॉड स्किनर हा जगभर नावाजलेला गिर्यारोहक हार्नेसचा पुढचा, झिजलेला पट्टीचा लूप तुटून कोसळला आणि गेला. झीज आधीच लक्षात आली होती, नवा हार्नेस मागवलाही होता. तो हाती येईपर्यंत जुनाच वापरात राहिला. एवढ्या अनुभवी माणसाच्या बाबतीत हे घडतं, तर ‘पुढच्या ट्रेकच्या आधी बघू’ असं म्हणणाऱ्या इतरांनी किती सावध राहायला हवं!

हार्नेस, दोर, स्लिंग यांचं आयुष्य न वापरताही जास्तीत जास्त १० वर्षं, असं बहुतेक उत्पादक सांगतात, आणि हार्नेसच्या लेबलवर उत्पादनाचं वर्ष असतं. पावसाळ्यात धबधब्यावर रॅपलिंगला जाल तेव्हा कमरेला बांधायच्या आधी ते लेबल मागून बघा. वर्ष सापडत नसेल आणि आयोजकालाही सांगता येत नसेल, तर पैसे भरलेले असले तरी उतरू नका.