एका गाण्याचे तीन धनी

तासगाव तालुक्यातल्या एका शाळेच्या गॅदरिंगमध्ये आठवीतल्या एका मुलीनं ‘मानापमान’मधलं पद म्हटलं. ताना सोडून दिल्या, पण सूर सोडला नाही. शाळेनं त्याचा व्हिडिओ यूट्यूबवर चढवला आणि लगेच कॉपीराइटचा मेल येऊन धडकला. मी त्या शाळेत शिकवत नाही. पण तालुक्यात पेटी शिकवणारा म्हटलं की गाण्याची कुठलीही तक्रार त्याच्याच दारात येते, मग बिघडलेला सूर असो की कायदा.

संस्थेचे एक संचालक तावातावानं म्हणाले, “सर, खाडिलकर आपल्या सांगलीचे. त्यांच्या पदावर परकी कंपनी हक्क कसा सांगते?” प्रश्न रास्त होता. आपल्याकडं कवीचा हक्क त्याच्या हयातीत आणि मृत्यूनंतरचं कॅलेंडर वर्ष सुरू झाल्यापासून ६० वर्षं चालतो. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर १९४८ मध्ये वारले, म्हणजे २००८ संपलं तसे त्यांचे शब्द सगळ्यांचे झाले. चाली गोविंदराव टेंब्यांच्या. ते १९५५ मध्ये गेले, त्यांचाही हक्क २०१५ अखेर सरला. मग क्लेम कशावर? साथीवर! पोरगी गात होती एका कराओके ट्रॅकवर, आणि तो ट्रॅक अलीकडं कुणीतरी स्टुडिओत वाजवून बाजारात आणलेला. ध्वनिमुद्रणाचा हक्क वेगळा असतो आणि तो प्रसिद्धीच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं राहतो.

गाण्याकडं बघताना म्हणून तीनदा विचारायचं: शब्द कुणाचे, चाल कुणाची, मुद्रण कुणाचं? तिघांपैकी एकाचा हक्क जिवंत असला तरी त्याच्यापुरती परवानगी लागते. आम्ही तो व्हिडिओ काढून टाकला, त्याच मुलीला पेटी-तबल्याच्या साथीनं गायला बसवलं आणि नवा व्हिडिओ चढवला. मेल आला नाही. खरं सांगायचं तर गाणंही आधीपेक्षा बरं झालं, कारण ट्रॅक मुलांसाठी थांबत नाही आणि तबलजी थांबतो.

मेल आल्यावर घाबरून चॅनेलच बंद करणारे लोक मी पाहिलेत. क्लेम आणि स्ट्राइक यांत फरक आहे. क्लेममध्ये बहुतेक वेळा जाहिरातीचे पैसे हक्कदाराकडं जातात किंवा व्हिडिओ अडवला जातो. स्ट्राइक जड असतो. ९० दिवसांत असे तीन झाले तर चॅनेलच जाऊ शकतं. क्लेम चुकीचा असेल तर हरकत घेता येते, पण साथ कुठून आणली हे ठाऊक नसताना घेऊ नये.

खरी डोकेदुखी पुढं आली. एका माणसाचा फोन आला: “तुमच्या गॅदरिंगला गाणी वाजली, लायसन्स नव्हतं. रक्कम भरा, नाहीतर केस होईल.” शिक्षेचे आकडे त्यानं बरोबर सांगितले होते. सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते दोन लाख दंड कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३ मध्ये आहेच. त्यानं जे सांगितलं नाही ते कलम ५२ मध्ये आहे. शाळेच्या कार्यक्रमात शिक्षक-विद्यार्थ्यांनी गाणं सादर केलं किंवा ध्वनिमुद्रण वाजवलं, आणि समोर शिक्षक, विद्यार्थी, पालक व शाळेच्या कामाशी संबंधित माणसंच असतील, तर तो हक्कभंग नाही. ही सवलत त्या प्रेक्षकांपुरतीच आहे. अपलोडचं बटण दाबलं की ती संपली, मंगल कार्यालय घेऊन शंभर रुपयांची तिकिटं लावली तरी संपली.

अशा फोनवर पैसे भरू नयेत आणि भांडूही नये. लेखी मागावं: कोणती गाणी, त्यांतला कोणता हक्क, तो तुमच्याकडं कोणत्या कराराने आला? हक्काचं हस्तांतर लेखी आणि सहीचं असावं लागतं, त्यामुळं खऱ्या हक्कदाराला हे दाखवायला जड जात नाही. “तुम्ही नोंदणीकृत संस्था नाही, चालते व्हा” असं मात्र बोलू नका. मुंबई उच्च न्यायालयानं जानेवारी २०२४ मध्ये, नोंदणीकृत संस्था नसतानाही हक्काचा मालक स्वतः परवाना देऊ शकतो असं म्हटलं. एप्रिल २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठानं वेगळा सूर लावला आणि वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. आमच्या फोनवाल्यानं पत्राला उत्तर दिलं नाही.

तिकीट लावून कार्यक्रम करायचा असेल तर मुकाट्यानं परवाना घ्यावा. जिवंत गायनाला शब्द-चालीचा, ट्रॅक वाजवला तर मुद्रणाचाही. आणि आपल्या जिल्ह्यातला म्हणून कुणी कवी मोकळा होत नाही. शेटफळ्याचे गदिमा १९७७ मध्ये गेले, त्यांचे शब्द २०३७ अखेरपर्यंत राखीव आहेत. ‘गीतरामायणा’च्या चाली सुधीर फडक्यांच्या, त्या २०६२ पर्यंत. वाटेगावच्या अण्णाभाऊंचं लेखन २०२९ अखेरपर्यंत. याउलट हरिपूरच्या देवलांची ‘शारदा’ आणि रेठऱ्याच्या पठ्ठे बापूरावांच्या लावण्या कधीच मोकळ्या झाल्यात. एवढा खजिना उशाशी असताना आमची गॅदरिंगं सिनेमाच्या ट्रॅकवर का चालतात, हे मला अजून समजलेलं नाही.

गणपतीतही हाच गोंधळ. ऋषिपंचमीला आपल्या तासगावच्या गणपतीचा रथ निघतो तेव्हा त्यापुढचं वाजवणं-गाणं धार्मिक विधीच्या सवलतीत बसतं. पण मांडवाशेजारी स्टेज टाकून ऑर्केस्ट्रा ठेवला की तोही विधीच, असं समजणं धाडसाचं आहे. लग्नातल्या गाण्यांबाबत गोवा सरकारनं जानेवारी २०२४ मध्ये परिपत्रक काढलं होतं, ते त्याच वर्षी ऑगस्टमध्ये उच्च न्यायालयानं रद्द केलं. कायद्यातली सवलत तशीच राहिली, पण ती कुठं लागू होते हे परिपत्रकानं ठरत नाही.

लोक झेरॉक्सचंही विचारतात. दिल्ली विद्यापीठाच्या आवारातल्या झेरॉक्सच्या दुकानावर तीन परदेशी प्रकाशकांनी दावा लावला होता. अभ्यासक्रमातल्या उताऱ्यांचे संच शिकवण्यासाठी करणं कायद्यात बसतं, असं न्यायालयानं २०१६ मध्ये ठरवलं. मी वर्गात बंदिशीचं नोटेशन वाटतो ते या भरवशावर. पण अख्खं पुस्तक बांधून विकणाऱ्यानं या निकालाचं नाव घेऊ नये.

कॉपीराइट हा शब्द भलत्याच ठिकाणी ढालीसारखाही वापरतात. दुसऱ्या एका अनुदानित शाळेनं अशाच फोनवाल्याला आधी पैसे दिले होते. एका पालकानं माहितीच्या अधिकारात दहा रुपयांचं तिकीट लावून पावतीची प्रत मागितली. उत्तर आलं, “कॉपीराइटशी संबंधित बाब असल्याने देता येत नाही.” त्या कायद्याचं कलम ९ एवढंच सांगतं की माहिती देण्यानं सरकारखेरीज दुसऱ्या कुणाच्या कॉपीराइटचा भंग होणार असेल तर नकार देता येतो. शाळेनं दिलेल्या पैशाच्या पावतीवर कसला आलाय कॉपीराइट? उत्तर मिळाल्यापासून ३० दिवसांत पहिलं अपील करता येतं. आम्ही ते एका पानात लिहिलं, वरचा प्रश्न जरा सभ्य भाषेत घालून. पावती मिळाली. तिच्यावर रक्कम होती, गाण्याचं नाव एकही नव्हतं. आता तो पालक संस्थेच्या सभेत ती रक्कम कोणत्या ठरावानं दिली हे विचारणार आहे, आणि ठरावाची प्रतही त्याच कायद्यानं मागता येते.