घरपोच औषधे : मागवण्याआधी विचारायचे पाच प्रश्न

गेल्या वर्षी आई-बाबा पुण्याहून आमच्याकडे आले आणि नातवंडांत रमले. मुक्काम लांबला, पण बाबांच्या रक्तदाबाच्या गोळ्या संपत आल्या. मी सवयीप्रमाणे संगणकापुढे बसलो. दहा मिनिटांत त्याच गोळ्या निम्म्या किमतीत देणारे एक संकेतस्थळ सापडले. 'डॉक्टरांच्या चिठ्ठीची गरज नाही' असेही ठळक अक्षरांत लिहिलेले! मी पैसे भरणार, इतक्यात बाबांनी विचारले, "हा दुकानदार बसतो कुठे रे?" मी पत्ता शोधला. तो कुठेच नव्हता.

मी डॉक्टर नाही, सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. पण देखणे संकेतस्थळ एका दिवसात उभे करता येते, हे मला पक्के ठाऊक आहे. पत्त्याशेजारी कुलपाचे चित्र दिसले, तर त्याचा अर्थ एवढाच की आपण पाठवलेली माहिती वाटेत कोणी वाचू शकत नाही. पलीकडचा माणूस प्रामाणिक आहे, अशी हमी ते कुलूप देत नाही. दिसतं तसं नसतं, म्हणून तर जग फसतं!

डोळ्यांना न दिसणारा दोष

साडी खराब निघाली तर हातात घेताच कळते. औषधाचे तसे नाही. १९८६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात रुग्णांना दिलेल्या ग्लिसरीनमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल हे विषारी रसायन निघाले आणि १४ रुग्ण दगावले. बाबांना न्यायमूर्ती लेंटिन आयोगाच्या बातम्या अजून आठवतात. नामांकित रुग्णालय, शिकलेले डॉक्टर, तरी बाटलीत काय आहे हे नुसते पाहून कोणालाच कळले नाही.

सिंगापूरही याला अपवाद नाही. २००८ च्या पहिल्या पाच महिन्यांत मधुमेह नसलेले १५० रुग्ण रक्तातील साखर एकाएकी उतरल्याने येथील रुग्णालयांत दाखल झाले. सात जण कोमात गेले, चौघांचा मृत्यू झाला. लैंगिक शक्तिवर्धक म्हणून चोरून विकल्या जाणाऱ्या गोळ्यांत ग्लिबेनक्लामाइड सापडले. आपल्याकडे 'डाओनिल' नावाने मिळणारे मधुमेहाचे औषध ते हेच.

म्हणूनच औषधाचा दर्जा हा कारखान्यापासून आपल्या दारापर्यंतच्या साखळीचा प्रश्न असतो. साखळीतल्या प्रत्येक कडीला नाव, पत्ता आणि परवाना हवा.

येथील व्यवस्था

२००१ साली स्थापन झालेली हेल्थ सायन्सेस ऑथॉरिटी, म्हणजेच एचएसए, येथे औषधांवर देखरेख ठेवते. औषधांचे तीन वर्ग आहेत : डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच मिळणारी, फार्मासिस्टकडूनच मिळणारी आणि साध्या दुकानातही मिळणारी. पहिल्या वर्गातील औषधे ऑनलाइन द्यायची, तर परवानाधारक औषधदुकानाला एचएसएची मंजुरी लागते. त्यामुळे चिठ्ठी न मागणे ही ग्राहकाची सोय नव्हे, धोक्याची खूण आहे.

मागवण्यापूर्वी स्वतःला विचारा

१. दुकानाचे नाव, पत्ता व दूरध्वनी दिला आहे का? एचएसएच्या संकेतस्थळावरील परवानाधारकांत ते नाव सापडते का?

२. चिठ्ठी मागतात का?

३. शंका विचारायला फार्मासिस्ट उपलब्ध आहे का?

४. औषध येथे नोंदलेले आहे का? एचएसएच्या नोंदवहीत नावावरून शोधता येते.

५. औषध कसे पाठवणार? न उघडलेले इन्सुलिन २ ते ८ अंश सेल्सिअसला ठेवावे लागते. दाराबाहेरच्या चपलांच्या कपाटावर दुपारभर पडलेले पार्सल काय कामाचे?

पाकीट हाती आल्यावर बॅच क्रमांक, मुदत आणि वेष्टन पाहा. गोळीचा रंग वा आकार वेगळा वाटला तर ती घेण्यापूर्वी फार्मासिस्टना दाखवा. पण रक्तदाबाचे औषध परस्पर बंद करू नका.

भारतातून आणताना

स्वतःपुरते तीन महिन्यांचे औषध सोबत आणता येते. त्याहून जास्त असेल तर आधी एचएसएची परवानगी लागते. कोडीन असलेले खोकल्याचे औषध, तसेच डायझेपाम, अल्प्राझोलाम अशा गोळ्या आणण्यापूर्वी नियम जरूर तपासा. चिठ्ठी जवळ ठेवा. भारतात १ ऑगस्ट २०२३ पासून ३०० प्रमुख ब्रँडच्या औषधांवर क्यूआर कोड सक्तीचा आहे. तो फोनने वाचून बॅच व मुदत वेष्टनाशी जुळते का ते पाहा. अर्थात कोडचीही नक्कल होऊ शकते, म्हणून बिल देणाऱ्या ओळखीच्या दुकानातूनच घ्या.

बाबांना आम्ही जवळच्या डॉक्टरांकडे नेले. पुण्याचा ब्रँड येथे नव्हता, पण चिठ्ठीवर मूळ घटकाचे नाव आणि मात्रा असल्याने तेच औषध दुसऱ्या नावाने मिळाले. आपणही घरातील वडीलधाऱ्यांच्या औषधांची अशी यादी आजच करून ठेवा. आमचे चार पैसे जास्त गेले खरे, पण बाबा म्हणाले, "या दुकानदाराचं तोंड तरी पाहिलं!"