मंडईचं तिकीट

दिवाळी सरली की ब्रह्मपुरीच्या आसपास गावोगावी मंडई भरते आणि झाडीपट्टीची नाटकं रात्र जागवतात. "बाबू, यंदा मंडईले येजो," असं वडील फोनवर म्हणाले आणि न्यू जर्सीतल्या अभियंत्यानं तिकीट काढलं. अमेरिकन नागरिक असलेल्या मुलीशी त्याचं नुकतंच लग्न झालं होतं. ग्रीन कार्डाचा अर्ज परतल्यावर करू, असा बेत होता. वकिलानं कागद चाळले आणि आधी तिकीट रद्द करायला लावलं.

त्याच्या एच-१बी व्हिसावर पुढची तारीख होती. पण शेवटच्या प्रवेशावेळी पासपोर्टच लवकर संपणार होता, म्हणून आय-९४ या प्रवेशनोंदीत मुक्कामाची मुदत तेवढीच मिळाली. नंतर वाणिज्य दूतावासातून नवा पासपोर्ट आला. आय-९४ जुनाच राहिला. ना त्याच्या लक्षात आलं, ना कंपनीच्या. मुदत उलटून चौदा महिने झाले होते.

१९९६ च्या कायद्यानुसार १८० दिवसांहून जास्त, पण वर्षापेक्षा कमी बेकायदा राहून देश सोडला तर ३ वर्षं प्रवेशबंदी; वर्ष किंवा त्याहून जास्त झालं तर १० वर्षं. ही बंदी देशाबाहेर पडल्यावर लागू होते. तो मंडईला आला असता, तर बायको तिकडे आणि तो इकडे.

देशातच राहून अर्ज केला तर चित्र वेगळं. रीतसर तपासणी होऊन आलेल्या माणसाचा जोडीदार अमेरिकन नागरिक असेल, तर उलटलेली मुदत अर्जाच्या आड येत नाही. जोडीदाराकडे नुसतं ग्रीन कार्ड असेल, तर सहसा ही सवलत नाही. खोटेपणाला तर क्षमाच नाही: खोटं लग्न किंवा नोकरीच्या आय-९ अर्जात स्वतःला 'नागरिक' म्हणवणं कायमचं भोवतं. शिवाय अर्ज दाखल झाला म्हणजे अटक टळली असं नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये सॅन डिएगोत मुलाखतीला आलेल्या काही जोडीदारांना तिथंच ताब्यात घेतल्याच्या बातम्या होत्या. म्हणूनच त्यानं वकिलाशिवाय पाऊल टाकलं नाही.

लग्नासाठीचा आय-१३० आणि ग्रीन कार्डासाठीचा आय-४८५ त्यानं एकत्र भरले. मग घोडं अडलं जन्मदाखल्यावर. जन्म १९८१ चा, आजोळी आरमोरीला. दाखल्यावर जिल्हा चंद्रपूर, पासपोर्टवर गडचिरोली! २६ ऑगस्ट १९८२ ला जिल्हा विभागला, हे अमेरिकन अधिकाऱ्याला कसं कळावं? त्यानं खुलाशाचं प्रतिज्ञापत्र जोडलं. मराठी दाखल्याचं इंग्रजी भाषांतरही लागलं, खाली भाषांतरकाराच्या सहीसह.

मधल्या काळात जाणं भागच असेल, तर आधी 'अ‍ॅडव्हान्स परोल' ही प्रवासाची परवानगी हातात हवी. वृद्ध आईवडिलांसाठी भारतात येऊन गेलेल्या अर्राबल्ली-येर्राबेल्ली दांपत्याच्या प्रकरणात २०१२ मध्ये स्थलांतर अपील मंडळानं ठरवलं, की अशी परवानगी घेऊन केलेल्या प्रवासानं १० वर्षांची बंदी लागत नाही. तरी परत येताना प्रवेश मिळेलच, याची हमी तो कागद देत नाही.

त्यानं तो धोकाही पत्करला नाही. त्या वर्षीचं नाटक वडिलांनी मोबाइलवर दाखवलं. चित्र अडखळत होतं, पेटीचे सूर मात्र नीट येत होते. लग्नाला दोन वर्षं व्हायच्या आत मंजुरी आल्यानं कार्ड दोनच वर्षांचं मिळालं. ते संपण्याआधीच्या ९० दिवसांत आय-७५१ भरायचा आहे. ती तारीख त्यानं स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर लाल पेनानं लिहून ठेवली आहे. शेजारी आय-९४ ची प्रत टाचलेली आहे आणि खाली यंदाच्या मंडईचं तिकीट.