प्राणिसंग्रहालयाचा वैद्य

बंगळूर शहराच्या दक्षिणेस सुमारे बावीस किलोमीटरवर बन्नेरघट्टा हे गाव आहे. तेथील टेकड्यांलगतचे अरण्य १९७४ साली राष्ट्रीय उद्यान म्हणून जाहीर झाले आणि पुढे २००२ साली त्यातील सुमारे ७३० हेक्टरांचा भाग वेगळा काढून त्याचे जैविक उद्यान करण्यात आले. वाघ, सिंह, बिबटे, अस्वले, हत्ती, हरणे, माकडे, पक्षी व सर्प असा मोठा परिवार तेथे नांदतो. या परिवाराच्या प्रकृतीची जबाबदारी ज्याच्यावर असते त्या मुख्य पशुवैद्याचे काम नेमके कोणत्या प्रकारचे आहे, हे समजून घेण्याचा प्रयत्न या लेखात केला आहे.

आरंभी एक दुःखद घटना सांगणे भाग आहे, कारण तिच्यामुळे हा विषय जितका स्पष्ट होतो तितका अन्य कशाने होत नाही. २०२३ सालच्या ऑगस्ट महिन्याच्या २२ तारखेपासून सप्टेंबरच्या ५ तारखेपर्यंत, म्हणजे अवघ्या पंधरा दिवसांत, बन्नेरघट्टा येथे बिबट्याचे सात बछडे एकामागून एक दगावले. त्यांचे वय तीन ते आठ महिन्यांच्या दरम्यान होते. त्या सर्वांना लस टोचलेली होती, त्यांच्यावर उपचारही झाले. तरीही ते वाचले नाहीत.

लस टोचली होती, औषध होते, वैद्यही होते; मग उणे काय राहिले? या प्रश्नाचे उत्तर शोधू लागले म्हणजे लक्षात येते की, प्राणिसंग्रहालयातील वैद्यकाचा मोठा भाग औषधाच्या बाटलीत नसून बादली, झाडू, दाराची कडी आणि नोंदवही यांत आहे.

या बछड्यांना झालेल्या रोगाचे नाव मार्जारवर्गीय पॅनल्यूकोपेनिया असे आहे. शरीरातील सर्व प्रकारच्या पांढऱ्या पेशी घटणे, असा त्या नावाचा अर्थ. हा रोग पार्व्हो गटातील एका अत्यंत सूक्ष्म विषाणूमुळे होतो. या विषाणूला वाढण्यासाठी वेगाने विभागणाऱ्या पेशी लागतात. अशा पेशी शरीरात मुख्यतः दोन ठिकाणी असतात: एक हाडांतील मज्जा, जेथे रक्तपेशी तयार होतात, आणि दुसरे आतड्याचे अस्तर, जे सतत झिजत व नव्याने भरून येत असते. विषाणू या दोन्ही ठिकाणी एकाच वेळी घाला घालतो. आतड्याचे अस्तर उखडले गेल्याने उलट्या व रक्तमिश्रित जुलाब होतात, आणि त्या फाटलेल्या भिंतीतून आतड्यातील जंतू रक्तात शिरतात. पण त्यांच्याशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी तर मज्जेतच नष्ट झालेल्या असतात. तट कोसळावा आणि त्याच वेळी शिबंदीही नाहीशी व्हावी, तशी ही अवस्था होय. विषाणूला मारणारे खात्रीचे औषध नाही. शिरेतून क्षार व पाणी देणे, ऊब देणे, अन्य जंतूंचा शिरकाव रोखण्यासाठी प्रतिजैविके देणे, एवढेच वैद्याच्या हाती असते.

आता लसीविषयी. बछडा जन्मतो तेव्हा आईच्या पहिल्या दुधातून, म्हणजे चिकातून, त्याला प्रतिकारद्रव्ये मिळतात. ही द्रव्ये काही आठवडे त्याचे रक्षण करतात. पण त्याच काळात टोचलेली लसही ती निष्प्रभ करून टाकतात. पुढे ती हळूहळू ओसरतात. या ओसरण्याच्या काळात काही दिवस असे येतात की, रोग थोपविण्यास ती अपुरी पडतात, परंतु लसीला निकामी करण्यास मात्र पुरेशी असतात. हा धोक्याचा काळ प्रत्येक पिलात वेगळ्या वयात येतो. म्हणूनच मांजराच्या पिलांना एकच लस टोचून न थांबता तीन-चार आठवड्यांच्या अंतराने, वयाच्या सोळा ते वीस आठवड्यांपर्यंत, पुनःपुन्हा टोचावी लागते. शिवाय आणखी एक अडचण आहे. या लसी पाळीव मांजरासाठी बनविलेल्या असतात. बिबट्यासाठी वेगळी लस कोणी बनवीत नाही, कारण तिला बाजारपेठ नाही. बन्नेरघट्ट्याच्या प्रत्येक बछड्याच्या बाबतीत काय घडले हे येथे ठरविण्याचा उद्देश नाही. लस टोचलेला प्राणीही सुरक्षित का मानता येत नाही, एवढेच यावरून समजावे.

जेथे लस पुरी पडत नाही तेथे स्वच्छता उपयोगी पडते, पण तीही डोळसपणे केलेली असली पाहिजे. या विषाणूभोवती स्निग्ध पदार्थाचे वेष्टन नसते. साबण व पुष्कळशी नेहमीची जंतुनाशके विषाणूचे हे वेष्टनच विरघळवून त्याला मारतात. जेथे वेष्टनच नाही तेथे ती व्यर्थ ठरतात. अनुकूल स्थितीत हा विषाणू पिंजऱ्याच्या फटीत वा मातीत एक वर्षापर्यंत टिकू शकतो. सोडियम हायपोक्लोराइटच्या म्हणजे साध्या ब्लीचच्या द्रावणाने तो मरतो. परंतु तेथे विष्ठा किंवा माती राहिली असेल तर ब्लीचची शक्ती तिच्यावरच खर्च होते. म्हणून आधी खरवडून धुणे, मग द्रावण ओतून किमान दहा मिनिटे तसेच ठेवणे, हा क्रम चुकता कामा नये. तसेच हा विषाणू रखवालदाराच्या बुटावर, बादलीच्या बुडाशी, खाद्याच्या हातगाडीच्या चाकाला लागून एका पिंजऱ्यातून दुसऱ्यात जातो. त्यामुळे प्रत्येक विभागाची बादली, झाडू व बूट वेगळे ठेवावे लागतात. दाराशी जंतुनाशकाचा उथळ हौद ठेवावा लागतो. आणि सकाळची फेरी नेहमी लहान व निरोगी प्राण्यांपासून सुरू करून आजाऱ्यांकडे संपवावी लागते. हा क्रम उलटा झाला तर वैद्य स्वतःच रोगाचा वाहक होतो! भटक्या मांजरांना कुंपणाबाहेर ठेवणे हेही याच कामात येते, कारण हा रोग मूळचा त्यांच्यातच नांदतो.

येथे वाचकाच्या मनात येईल की, इतके अनाथ बछडे येतात तरी कोठून? याचे उत्तर महाराष्ट्रातील वाचकास फार दूर शोधावे लागणार नाही. जुन्नर, आंबेगाव, संगमनेर या भागांत उसाच्या फडात बिबट्याची मादी विते. ऊसतोडीच्या हंगामात कोयत्यापुढे अचानक बछडे सापडतात व गर्दी जमते. पिले तेथेच ठेवून माणसे दूर झाली तर मादी बहुधा रात्री येऊन त्यांना उचलून नेते. पण प्रत्येक वेळी तसे घडत नाही. जुन्नरजवळ माणिकडोह येथे यासाठीच बिबट निवारा केंद्र चालते. कर्नाटकातही उसाच्या प्रदेशात हीच कथा आहे. ज्या बछड्याला पुरेसा चीक मिळाला की नाही हे कोणास ठाऊक नाही, जो दोन दिवस उपाशी आहे व भेदरलेला आहे, असा बछडा उद्यानाच्या दारी येतो. त्याला इतरांत सोडण्यापूर्वी किमान तीस दिवस विलगीकरणात ठेवणे, त्याची विष्ठा व रक्त तपासणे, हा नियम कितीही जागेची टंचाई असली तरी मोडू नये. टंचाई हेच बहुतेक ठिकाणी तो मोडण्याचे कारण असते, हेही खरे.

बन्नेरघट्ट्याच्या वैद्यापुढे येणारे सर्वच रोगी असे लहान नसतात. केंद्र सरकारने १९९८ साली सर्कशीत वाघ, सिंह, बिबटे, अस्वले व माकडे यांचे खेळ करण्यास मनाई केली. २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती उचलून धरली. त्यानंतर सर्कशीतून सोडविलेले अनेक वाघ-सिंह येथे आणले गेले. दरवेशांकडील अस्वलेही आली. त्यांच्या नाकाला भोक पाडून दोरी ओवलेली असे व सुळे मोडलेले असत. असा प्राणी पुन्हा जंगलात सोडता येत नाही. दातांची जुनी पूयुक्त दुखणी, सांधेदुखी, मोतीबिंदू अशी वार्धक्याची सेवा त्याच्या मरणापर्यंत करावी लागते. प्रेक्षकांना यात पाहण्यासारखे काही नसते. वैद्याचे मात्र पुष्कळ तास यातच जातात.

रोगी काही बोलत नाही, ही अडचण सर्वच पशुवैद्यांना असते. वन्य प्राण्याच्या बाबतीत ती दुप्पट होते, कारण तो आजार लपवितो. कळपातील जे हरीण लंगडते त्यालाच वाघ हेरतो. म्हणून लंगडणे उघड न करणारी हरणेच अधिक टिकली. पाडसाची मान खाली गेलेली दिसेपर्यंत रोग बहुधा पुढच्या पायरीला पोचलेला असतो. म्हणून रखवालदाराची नजर हे या वैद्यकाचे पहिले उपकरण होय. काल टाकलेल्या मांसापैकी किती उरले, पाणी किती प्याले, विष्ठा घट्ट की पातळ, हत्तीची लीद कशी आहे, कोणते माकड आज इतरांपासून दूर बसले, हे तो रोज पाहतो व नोंदवितो. चांगला मुख्य वैद्य फेरीत रखवालदाराला आधी बोलू देतो.

पुढचा प्रश्न अन्नाचा. वाघ मांस खातो म्हणून बछड्यास निव्वळ मऊ, बिनहाडाचे मांस दिले तर तो पांगळा होतो. कारण अशा मांसात फॉस्फरस हा कॅल्शियमच्या पंधरा ते वीस पट असतो. रक्तातील तोल राखण्यासाठी शरीर स्वतःच्या हाडांतून चुना काढून घेऊ लागते व पाय मुडदुसासारखे वाकतात. जंगलात मादी पिलांना शिकार हाडांसह खाऊ घालते.

मांसाच्या वाटेने रोगही येऊ शकतो. २०२४ च्या डिसेंबरअखेरीस नागपूरच्या गोरेवाडा प्राणिसंग्रहालयात तीन वाघ व एक बिबट्या मरण पावले. भोपाळ येथील राष्ट्रीय प्रयोगशाळेत त्यांच्या नमुन्यांत एच-५-एन-१ हा पक्ष्यांच्या फ्लूचा विषाणू आढळला. त्यापूर्वी २००४ साली थायलंडमधील एका व्याघ्र उद्यानात कोंबड्यांचे कच्चे मांस खाल्ल्याने हीच साथ पसरली होती व सुमारे दीडशे वाघ मेले किंवा मारावे लागले. मांसपुरवठा करणारा ठेकेदार कोणत्या कत्तलखान्यातून मांस आणतो, याची चौकशी करणे म्हणूनच वैद्याच्या कामात मोडते. रोग माणसाकडूनही येतो. बंदिवान हत्तींना माणसाचा क्षय होतो. २०२१ मध्ये हैदराबादच्या नेहरू प्राणी उद्यानातील आठ सिंहांना करोनाची बाधा झाली. ते बरे झाले. पण त्याच वर्षी चेन्नईजवळील वंडलूर येथे बाधित सिंहिणीचा मृत्यू झाला.

ज्या कामाची छायाचित्रे वृत्तपत्रांत येतात ते म्हणजे वाघाला भूल देणे. त्याबद्दल थोडक्यात सांगतो. जवळच्या प्राण्यास फुंकनळीने व दूरच्यास बंदुकीने सुई मारतात. वाघ-बिबट्यांसाठी केटामाइन व झायलाझीन यांचे मिश्रण रूढ आहे. आदल्या दिवशी प्राण्यास उपाशी ठेवतात, नाहीतर बेशुद्धीत ओकारी फुप्फुसात जाते. केटामाइनने डोळे उघडेच राहतात, म्हणून त्यांत मलम घालून वर फडके बांधतात. तापमान, श्वास व जिभेचा रंग दर काही मिनिटांनी पाहतात. तथापि भूल न देता काम भागावे यातच खरे कौशल्य आहे. केळ्याच्या वा मांसाच्या तुकड्याचे बक्षीस देत गेले म्हणजे हत्ती गजांशी पाय वर धरण्यास व वाघ रक्तासाठी शेपूट जाळीबाहेर देण्यास शिकतो.

प्राणी मेला तरी वैद्याचे काम संपत नाही. प्रत्येक मृत प्राण्याचे शवविच्छेदन करावेच लागते. याबाबतीत बंगळूरचे वैद्य सुदैवी आहेत. शहराच्या उत्तरेस हेब्बाळ येथे १९५८ पासून पशुवैद्यक महाविद्यालय आहे. तेथीलच पशुआरोग्य संस्थेचा उगम गुरांच्या बुळकांड्या रोगावर रक्तजल तयार करण्यासाठी म्हैसूर संस्थानाने काढलेल्या प्रयोगशाळेत आहे. तो रोग २०११ साली जगातून हद्दपार झाल्याचे जाहीर झाले. शवविच्छेदनात आतड्याचा, प्लीहेचा व मज्जेचा तुकडा वेगवेगळ्या बाटल्यांत घालतात; ऊतींच्या तपासणीसाठीचा भाग फॉर्मेलिनमध्ये, आणि विषाणूसाठीचा बर्फात, कारण फॉर्मेलिनमध्ये विषाणू मरतो व मग तो वाढवून पाहता येत नाही. बाटलीवर प्राण्याची खूण, दिनांक व पिंजऱ्याचा क्रमांक लिहितात. मग शव जाळतात किंवा चुना घालून खोल पुरतात, सुऱ्या उकळतात, आणि ज्या पिंजऱ्याचा क्रमांक बाटलीवर लिहिला त्याच्या शेजारच्या पिंजऱ्यांतील प्राण्यांची विष्ठा त्याच दिवशी तपासावयास घेतात.